पाच नंबरचे शेख सर

चहाचा कप तोंडाला लावण्याआधी शेख सर एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायचे, एकदा उजव्या, आणि मग पहिला घोट घ्यायचे. स्टाफरूममध्ये त्यांच्या पाठीशी भिंत होती. भिंतीवर तसबिरी आणि शाळेचं वेळापत्रक. तिथून कोणी येण्याची सोय नव्हती. तरी ते बघायचे. हजेरी घेताना बघायचे, बोलता बोलता बघायचे, राजूरच्या बाजारात मिरच्या निवडतानासुद्धा बघायचे.

आमची दोघांची घरमालकीण एकच, हिराबाई. तिच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. एकीत मी राहायचो, दुसरीत शेख सर आले. त्यांना येऊन आठवडा झाला नसेल, तोच हिराबाईनं मला अंगणात गाठलं.

"मास्तर, ह्यो मानूस सारखा मागं का बघतोय? कुनी मागावर हाय का त्याच्या?"

"सवय असेल हो."

"आसली कसली सवय? माजा चुलतदीर आसाच बघायचा. त्यानं बांधावरनं एकाचं टकुरं फोडलं हुतं."

शेवटी एका संध्याकाळी मीच विचारलं. ते पायरीवर बसून बूट पुसत होते. प्रश्न ऐकून त्यांनी आधी मागे बघितलं, आणि आपण आत्ताही तेच केलं हे लक्षात येऊन लाजले.

"मी स्टॉपर, सर. गोलकीपरच्या पुढं, मधोमध उभा राहनारा गडी. चेंडू काय, समोरच असतो, तो सगळ्यांनाच दिसतो. आपला घात करनारा पाठीमागनं येतो. म्हनून सारखी मान फिरवायची. वीसेक वर्षं फिरवली. आता खेळ थांबला, पन मानेला कोन सांगनार?"

हिराबाईला मी हे समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही, पण त्या दिवसापासून ती त्यांच्या खोलीकडे जाताना लांबूनच खाकरायला लागली.

शेख सर, म्हणजे युनूस शेख, आमच्या शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षक म्हणून आले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. उंच, रुंद खांद्यांचे, केस बारीक कापलेले. उजवा गुडघा पुरता वाकत नसे. जीपमध्ये ते मागच्या दाराशीच बसत, पाय लांब करता यावा म्हणून. मुलाखतीला मी हेडसरांच्या शेजारी बसलो होतो. हेडसरांनी विचारलं, "याआधी काय करत होता?"

"फुटबॉल खेळत होतो."

"ते ठीक आहे. पण नोकरी?"

"तीच नोकरी, साहेब."

हेडसरांनी माझ्याकडे बघितलं. मग नेहमीचा प्रश्न आला, जो पुढे शिक्षकांनी, पालकांनी, जीपवाल्यांनी आणि हिराबाईनंही त्यांना विचारला: "टीव्हीवर कधी दिसलात का?"

"दिसलो असेन. मी खेळत होतो ना, बघनार कुठनं?"

हे उत्तर ते अगदी सरळपणे द्यायचे.

ते मूळचे नगरजवळच्या भिंगारचे. वडील शिंपी. लष्कराच्या जवानांचे गणवेश शिवायचे, नावाच्या पट्ट्या लावून द्यायचे. कपडे पोचवायच्या निमित्तानं मुलगा छावणीच्या मैदानाकडे जायला लागला आणि जवानांबरोबर खेळता खेळता त्यांच्यातलाच झाला. तिथून पुणे, मग गोवा, बंगळूर, कोलकाता, पंजाब, शेवटी केरळ. देशात ज्या संघांची नावं पेपरात येतात, त्यांच्या खाली ढीगभर संघ असतात. त्यांचे सामने दुपारच्या उन्हात होतात, बघायला खेळाडूंचे मित्र आणि मैदानाजवळचे रिकामटेकडे येतात. शेख सर अशा संघांतून खेळले. करार एका हंगामाचा. हंगाम संपला की बॅग उचलायची, भिंगारला यायचं, वडिलांच्या दुकानात काजं-बटणं करत बसायचं आणि फोनची वाट बघायची.

ती सवय त्यांची राजूरला आल्यावरही गेली नव्हती. हिराबाईनं खोलीत लोखंडी कपाट दिलं होतं. ते आमच्याकडे असेपर्यंत कपाट रिकामंच राहिलं. कपडे बॅगेत, घडी घालून. सकाळी त्यातून एक शर्ट काढायचा, संध्याकाळी धुऊन, वाळला की पुन्हा बॅगेत. मी एकदा म्हटलं, "अहो, कपाट वापरा की."

"कपाट लावलं की मग ते सोडवत न्हाई, सर," ते म्हणाले आणि बॅगेची चेन ओढून घेतली.

खेळातल्या गोष्टी ते आपणहून सांगत नसत. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही, लाइट नसते, तेव्हा स्टोव्हवर चहा ठेवून आम्ही बसायचो. तशात एखादी गोष्ट निघायची. गोव्यात त्यांना एकदाच वरच्या फळीतल्या संघानं घेतलं होतं. सगळा हंगाम ते बाकावर बसून होते. शेवटच्या सामन्यात त्यांच्या जागेवरचा गडी पाय धरून पडला. प्रशिक्षकानं हाक मारली, "शेख, वॉर्मअप!" ते उठले, कडेच्या रेषेबाहेर पळायला लागले. तेवढ्यात पडलेला गडी उठून उभा राहिला, लंगडत लंगडत खेळायला लागला. प्रशिक्षक सामन्यात गुंतला. 'बस' असं काही त्यानं सांगितलं नाही.

"मग?"

"मग काय, पळत राहिलो. कुनी बस म्हनेना. थांबलो असतो तर याला इच्छाच न्हाई असं वाटलं असतं. शिट्टी वाजली तरी मी आपला पळतोयच. लोक घरी निघाले, सर, जाता जाता माझ्याकडं बघत होते." ते हसले. "वरच्या फळीतली माझी कारकीर्द तेवढी. रेषेच्या बाहेरची."

मैदानावर त्यांचं तोंड सतत चालू असणार, कारण स्टॉपरला सगळा खेळ दिसतो आणि त्यानं ओरडून इतरांना सांगायचं असतं. त्यामुळे 'मागे माणूस आहे', 'सोड', 'वळ', 'पुढे ढकल' एवढं ते कितीतरी भाषांत सांगू शकत. बंगालीत 'पिछोने', कोकणीत 'फाटल्यान', मल्याळममध्ये नुसतं 'आळ्', म्हणजे माणूस. मुलांना ते फार आवडायचं. मुलं म्हणायची, सर, पंजाबीत ओरडा, आणि सर ओरडायचे. मी एकदा कौतुक केलं तर ते स्टोव्हची वात खाली करत म्हणाले, "मागं मानूस हाय, एवढं मला सगळ्या भाषांत सांगता येतं. मला बरं वाटत न्हाई, हे एकाबी भाषेत येत न्हाई."

कोलकात्याला ते एकदा तापानं फणफणले होते. खोलीत सोबतीला मणिपूरचा एक खेळाडू. त्याला हिंदी येईना, यांना त्याची भाषा येईना. यांनी खुणेनं सांगितलं, दुखतंय. त्या बिचाऱ्यानं मलमाची ट्यूब काढली आणि यांचे पाय चोळायला घेतले. दुखणं म्हणजे पायाचं, एवढंच त्याला ठाऊक.

"दुपारभर चोळले, सर. ताप हाय तसाच. मी त्याला थांबवलं न्हाई. लई दिवसांत अंगाला कुनाचा हातच लागला नव्हता. टक्कर सोडून."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

मुलांना त्यांनी पहिला महिनाभर चेंडूला फारसा पाय लावू दिला नाही. "धावता सगळ्यांनाच येतं. उभं राहायला शिका," हे त्यांचं पालुपद. समोरून येणाऱ्याच्या पायाकडे बघायचं नाही, चेंडूकडेही नाही, कमरेकडे बघायचं. पाय फसवतात, कंबर फसवत नाही. मुलं कंटाळायची, निम्मी क्रिकेटकडे पळायची. जी राहिली ती मात्र चिखलात, धुक्यात, शाळा सुटल्यावर तासन्‌तास त्यांच्याबरोबर असायची. मैदानाच्या खालच्या अंगाला भातखाचरं होती. चेंडू तिकडे गेला की रोपं लावणाऱ्या, आवणीच्या बायका तो परत फेकायच्या आणि शेख सर त्यांना वाकून सलाम करायचे.

एका रविवारी आम्ही दोघं भंडारदऱ्याला गेलो होतो. धरण भरलं होतं, पर्यटकांच्या गाड्या लागल्या होत्या. भजी घेऊन कठड्याशी उभे होतो. केरळातून आलेल्या एका बसमधली मंडळी फोटो काढत होती. त्यातला एक पोट सुटलेला, पन्नाशीचा गृहस्थ आमच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू जवळ आला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम... बॉम्बे?"

शेख सरांनी मान हलवली. "नहीं, नगर."

"नहीं नहीं. बॉम्बे! प्लेयर बॉम्बे! सेवन्स!" त्याचा चेहरा उजळला होता. त्यानं बायकोला हाक मारली, मुलांना हाक मारली. हातवारे करून तो सांगायला लागला. त्याच्या गावच्या मैदानावर, दिव्यांच्या उजेडात, सातजणांच्या संघात एक बॉम्बे खेळायचा. त्याला ओलांडून कोणी जायचंच नाही. लोक झाडावर चढून बघायचे. त्यानं छातीवर हात मारून दाखवला, बॉम्बे चेंडू कसा झेलायचा ते. "तुम बॉम्बे?"

शेख सर त्याच्याकडे बघून छान हसले आणि म्हणाले, "नहीं भाई. वो कोई और होगा."

त्या माणसाचा चेहरा पडला. सॉरी म्हणून तो गेला. जाता जाता दोनदा वळून बघितलं त्यानं.

जीपमध्ये बसल्यावर मी म्हणालो, "ते तुम्हीच होता ना?"

"व्हय. तिकडं बाहेरच्याला गावाच्या नावानं हाक मारतात. महाराष्ट्रातला म्हनल्यावर बॉम्बे. मी मुंबई बघितली ती गाडी बदलताना."

"मग सांगितलं का नाही? इथे एवढे दिवस कोणी तुम्हाला ओळखत नाही, आणि जो ओळखतो त्याला..."

ते पाय लांब करून बसले. रंधा धबधब्याच्या वळणावर म्हणाले, "हो म्हनलं असतं तर त्यानं पहिलं खाली बघितलं असतं. गुडघ्याकडं. त्याच्या डोक्यातला बॉम्बे अजून बरा हाय, सर. राहू दे की."

त्यांच्या वडिलांची गोष्ट मला त्याच्याही नंतर कळली. ती सांगायला त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला.

वडिलांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. आयुष्यभर मशिनवर मान खाली. मुलगा कुठे कुठे जाऊन खेळतो, एवढंच माहीत. एका वर्षी शेख सरांच्या संघाचा सामना पुण्यात होता, पुण्याच्याच एका संघाशी. बरोबरी झाली असती तरी शेख सरांचा संघ वरच्या फळीत जाणार होता. नगरहून पुणं ते किती लांब! वडील म्हणाले, या खेपेला मी येतो. नवा पायजमा-कुडता शिवला, भिंगारहून पेढ्यांचा मोठा बॉक्स घेतला आणि एस.टी.नं आले. नंबर विचारून घेतला होता. पाच.

खेळ संपत आला होता. बरोबरीच होती. पुण्याच्या एका खेळाडूनं कडेनं चेंडू गोलसमोर मारला. शेख सरांनी तो बाहेर काढायला झेप घेतली. चेंडू त्यांच्या डोक्याला लागला आणि आपल्याच जाळ्यात गेला.

"गोलकीपर उभाच्या उभा. मी पालथा पडलेला. मला काय दिसलं न्हाई, आवाजच ऐकला. अख्खं मैदान उठलं. पुन्याची मानसं ती, नाचनारच. ढोल वाजला."

"आणि वडील?"

"अब्बांना वाटलं, पाच नंबरनं गोल केला." शेख सरांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "केलाच होता की. आन सगळं पुनं त्यांच्या पोराच्या नावानं नाचतंय! ते पन नाचले, सर. शेजाऱ्यांना मिठ्या मारल्या. सांगत सुटले, मेरा बेटा, मेरा बेटा. त्या लोकांना वाटलं असंल, म्हातारा चेष्टा करतोय."

सामना संपल्यावर संघ बसकडे चालला होता.  वर्षभराची मेहनत वाया गेली होती. काहीजणांची पुढच्या वर्षाची नोकरीही. बसच्या दाराशी शिंपीकाका पेढ्यांचा बॉक्स उघडून उभे. ते प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत होते. "लो बेटा, मुँह मीठा करो. युनूस का अब्बा हूँ."

"मी मागं होतो. मला वाटलं आता कुनीतरी बॉक्स उडवनार. आमचा कॅप्टन पंजाबचा, लई तापट. मॅच संपल्यावर त्यानं स्वतःचा बूट भिंतीवर आपटला होता. तो म्होरं आला. अब्बांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. त्यानं पेढ्याकडं बघितलं, अब्बांकडं बघितलं. मग पेढा तोंडात टाकला आन वाकून अब्बांच्या गुडघ्याला हात लावला. म्हनाला, मुबारक हो चाचाजी. त्याच्यामागं सगळ्यांनी घेतला. सगळ्यांनी मुबारक म्हटलं. एकानंबी कायसुद्धा सांगितलं न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मला दोन दिले."

बस सुटल्यावर कॅप्टन पुढच्या सीटवर जाऊन बसला. त्या प्रवासात शेख सरांशी कोणी एक शब्द बोललं नाही. पुढच्या हंगामासाठी त्या संघातून त्यांना फोन आला नाही, आणि कॅप्टनही पुन्हा कधी भेटला नाही.

वडिलांनी ती जर्सी मागून घेतली आणि दुकानात मशिनच्या वर टांगली. गणवेश शिवायला येणारे जवान विचारायचे, चाचा, बेटा कहाँ खेलता है? वडील म्हणायचे, बचाव में. पण गोल केलाय त्यानं, पुण्यात. बचाववाला असून गोल! जवान वाहवा करायचे. शेवटच्या आजारपणात शेख सर एकदा त्यांच्या उशाशी खरं सांगायला म्हणूनच बसले होते.

"म्हनलं, अब्बा, तो पुन्याचा गोल हाय ना... तर ते एकदम डोळं उघडून म्हनाले, हां! क्या आवाज हुआ था रे, युनूस!" शेख सरांनी मान हलवली. "त्याच्यापुढं काय बोलनार?"

ही गोष्ट शेख सरांनी मला सांगितली, त्याच्या आदल्या रविवारी त्यांनी ती आणखी एका माणसाला सांगितली होती. म्हणून तर ती माझ्यापर्यंत आली.

दर रविवारी सकाळी ते अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि पहिल्या जीपनं तालुक्याच्या गावी, अकोल्याला, तिथून बसनं संगमनेरला जायचे. आधी मला वाटलं, नातेवाईक असतील. नंतर कळलं, तिथे त्यांची मुलगी होती. शिफा. राजूरची नोकरी त्यांनी घेतली ती संगमनेर जवळ म्हणून.

लग्न झाल्यावर बायकोला, फरजानाला, ते कोलकात्याला घेऊन गेले होते. एक खोली. हे सामन्यांना बाहेरगावी, ती तान्ह्या मुलीला घेऊन परक्या शहरात. भाषा येत नाही, कोणी ओळखीचं नाही. वर्षभरानं ती माहेरी आली ती परत गेलीच नाही. "भांडली न्हाई कधी," शेख सर म्हणाले. "एवढंच म्हनाली, तुम्ही गेलात की मी एकटी असते, आन घरात असलात तरी एकटीच असते." रीतसर वेगळे झाले. पुढे तिचं दुसरं लग्न संगमनेरच्या रफिकभाईंशी झालं. बांगड्यांचं दुकान असलेला भला माणूस. शिफाला त्यांनीच वाढवलं. शाळेत सोडायला तेच, पालकसभेला तेच, ताप आला तर दवाखान्यात तेच.

शेख सर जायचे तेव्हा रफिकभाई त्यांना पुढच्या खोलीत बसवायचे. थोड्या वेळानं शिफा चहा घेऊन यायची. ट्रे, बशीत मांडलेली बिस्किटं, पाण्याचा ग्लास. "पाहुण्याला देतात तसा देती," शेख सर एकदा बोलून गेले. "चांगला करती चहा." ती समोर बसायची, कॉलेज कसं चाललंय ते सांगायची, त्यांना अहो-जाहो करायची. पंधरावीस मिनिटांनी विषय संपायचे. मग ते उठायचे. परतीची बस मिळेपर्यंत स्टँडवर बसून राहायचे. संध्याकाळी येऊन शर्ट धुवायचे.

एका रविवारी मात्र ते आले ते थेट माझ्या खोलीत. शर्टही बदलला नव्हता.

"सर, आज हसली!"

"कोण?"

"शिफा. म्हनली, मी इंटरनेटवर तुमचं नाव टाकून बघितलं, कायच सापडत न्हाई. तुमचा एखादा व्हिडिओ न्हाई का? म्हटलं, व्हिडिओ न्हाई, पन गोष्ट सांगतो. पेढ्यांची सांगितली, ती तुमालाबी सांगीन. आधी तोंडाला ओढनी लावून हसली. मग एवढी हसली की तिची आई आतनं बघायला आली."

"वा!"

"मग ओढनीनं डोळे पुसले. म्हनली, तुम्ही दादाजींना कधीच सांगितलं नाहीत? म्हटलं, न्हाई. तर माझ्याकडं बघितलं आन माझा कप परत भरून आनला." ते माझ्या कॉटवर टेकले. "पुढच्या रविवारी काय सांगावं, सर? तसली दुसरी गोष्ट न्हाई माझ्याकडं."

बाकावरची सांगा, मी म्हणालो. त्यांनी ती सांगितलीही. पण मग शिफाच्या परीक्षा आल्या, मग तिला नाशिकला नोकरी लागली, रविवारी ती घरी असायचीच असं राहिलं नाही. शेख सर जात राहिले. ती नसली तर रफिकभाईंबरोबर चहा घेऊन परत यायचे.

पुढे शाळेत कायम नेमणुकीचे क्रीडाशिक्षक आले आणि शेख सरांचं कंत्राट संपलं. ते गेले त्या दिवशी हिराबाईनं त्यांना तांदळाची पिशवी दिली, इंद्रायणीचा, घरचा. "आता तरी मागं बघत ऱ्हाऊ नगा," ती म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. जीपमागे मुलं थोडी धावली. भिंगारला त्यांनी वडिलांच्या दुकानातच बिऱ्हाड केलं, सकाळी एका शाळेत मुलांना खेळ शिकवायचे. आमचे अधूनमधून फोन व्हायचे. 'कसं काय सर, पाऊस हाय का?' यापलीकडे फारसं काही नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. शिफाचं लग्न ठरलं होतं. मुलगा नाशिकचा, तिच्याच ऑफिसातला.

"सर, तुमी या. माझ्याकडनं कुनी न्हाई."

संगमनेरच्या एका हॉलमध्ये लग्न होतं. मी पोचलो तेव्हा शेख सर नव्या शेरवानीत दाराशी उभे होते. ती खांद्यांत घट्ट होत होती. येणाऱ्यांपैकी कोणी त्यांना सलाम करून पुढे जात होतं, कोणी न करताच. मला बघून त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

थोड्या वेळानं रफिकभाई त्यांना शोधत आले. निकाहाची वेळ झाली होती. मुलीकडे जाऊन तिला कबूल आहे का ते विचारायला तिच्या घरचा एक माणूस जातो. वकील म्हणतात त्याला. काझी विचारत होते, वकील कोण. रफिकभाई दमले होते, सकाळपासून त्यांची धावपळ चालली होती. शेख सरांना ते म्हणाले, "युनूसभाई, चला. हा हक तुमचा आहे."

शेख सर जागचे हलले नाहीत. "तुम्ही जा, रफिकभाई."

"अहो, बाप तुम्ही आहात."

"तिला तुमच्या आवाजाची सवय हाय. आज तिला घाबरल्यासारखं होत असंल. ओळखीचा आवाज असू दे."

रफिकभाई एक पाऊल पुढे आले. मग त्यांनी शेख सरांना मिठी मारली, डोळे पुसले आणि दोन साक्षीदारांना घेऊन आतल्या खोलीकडे गेले. फरजाना आतल्या दाराशी उभी होती. तिनं एकदा इकडे बघितलं आणि पडदा सोडला.

आम्ही मधल्या रांगेत खुर्च्यांवर बसलो. हॉल भरत होता. शेख सरांच्या पलीकडे मुलाकडचे एक वयस्कर पाहुणे येऊन बसले. सगळीकडे अत्तराचा आणि बिर्याणीचा वास होता, मुलं खुर्च्यांमधून पळत होती. रफिकभाई बाहेर आले आणि त्यांनी काझींना मान हलवून सांगितलं. काझींनी माइक जवळ घेतला. हॉल शांत झाला. लाऊडस्पीकरमधून स्वच्छ, संथ आवाजात ऐकू आलं, "शिफा, बिन्ते युनूस शेख..."

'बिन्ते', म्हणजे मुलगी, आणि पुढे आपलं नाव कानावर पडताच शेख सर खुर्चीतून अर्धवट उठले. पाठ ताठ, दोन्ही हात बाजूला, जणू कोणी पुकारा केला होता आणि त्यांना पुढे व्हायचं होतं. पुढच्या रांगेतल्या एकानं वळून बघितलं. तेव्हा ते भानावर आले, आणि शेरवानी सारखी करत हळूच खाली बसले.

निकाह झाला. खजूर वाटले गेले. शेजारच्या पाहुण्यांनी खजूर तोंडात टाकता टाकता त्यांना सहज विचारलं, "तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?"

"मुलीकडचा," शेख सर म्हणाले, आणि त्या पाहुण्यांना पाणी हवं का, ते विचारलं.